ठाण्याची मुकी पेटी

पुण्यास परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ठाण्यास जाऊन काय पाहिलेत? खाडीवरचा आगगाडीचा पूल पाहिलात का, किल्ल्यातला तुरुंग पाहिलात का, तलाव पाहिलात का? मी सांगतो की तलाव पाहिला, पूल गाडीत डुलकी लागली असताना गेला आणि तुरुंग देवाच्या कृपेने बाहेरूनच पाहिला. मी गेलो होतो एक पेटी ऐकायला. आणि ती पेटी तीन हातांवरून ऐकू येत नाही, असे म्हटले की समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे काळजीने पाहू लागतो. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळे लिहून काढतो.

मी एका नाटक मंडळीत पायपेटी वाजवतो आणि रिकाम्या दिवसांत लोकांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. ज्यांच्या पायाशी बसून गाणे शिकलो, त्या बुवांना माझा हा उद्योग मुळीच पसंत नाही. त्यांचे म्हणणे असे की पेटीतला स्वर खुंटीला अडकवलेल्या अंगरख्यासारखा असतो; आहे तिथे आहे, अंगात माणूस नाही. गळ्यातला स्वर झुलतो, सारंगीतला झुलतो, पेटीतला झुलत नाही. यावर बारा वर्षे मी गप्प बसत आलो, कारण ते खरे आहे.

अशात ठाण्याहून माझे बालमित्र दामोदरपंत यांचे पत्र आले. ते तिथे कलेक्टर कचेरीत कारकून आहेत. पत्रात शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून, त्यांनी लिहिले होते की शेजारच्या किरिस्तावांच्या वाडीत एका म्हातारीकडे फिरंग्यांच्या वेळची पेटी आहे आणि तिचा स्वर म्हणे बोटाखाली झुलतो. मी तिसऱ्या दिवशी बोरघाट उतरलो.

नौपाडा

दामोदरपंतांचे बिऱ्हाड नौपाड्यात, भातखाचरांच्या कडेला. माघाचे दिवस होते. कापणी झालेल्या खाचरांत वाल लावलेला, आणि सकाळी त्यावर असे धुके बसायचे की वहिनी विहिरीवर गेल्या की नुसती कळशी ऐकू यायची. मी ओटीवर बसून ते धुके पाहत राहायचो. पुण्यात सकाळी इतके काही करायचे असते की धुके कधी उठले ते कळत नाही. इथे ते उठेपर्यंत कोणाला घाई नव्हती.

जेवायला सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी तांदळाची भाकरी. वहिनींच्या हातचे वालाचे बिरडे मी जन्मभर विसरणार नाही, पण तिसऱ्या दिवशी माझे पोट जोंधळ्याच्या भाकरीसाठी रुसून बसले. वहिनींनी ओव्याची पूड दिली आणि पुणेकरांच्या पोटाबद्दल दोन शब्द दिले.

पेटीविषयी दामोदरपंतांना विचारले, तर ते म्हणाले की नऊ वर्षे आपण म्हातारीपासून हाकेच्या अंतरावर राहतो, रोज संध्याकाळी ती वाजवायला बसते असे सगळे सांगतात, आणि आजवर आपण एक स्वर ऐकलेला नाही. "इतकी चांगली शेजारीण तुला पुण्यात मिळायची नाही," असे वर म्हणाले. वाडीतले लोक त्या पेटीला मुकी पेटीच म्हणतात.

तलावाकाठी

म्हातारीचे नाव कातरीनबाय. घर तलावाच्या मागल्या अंगाला, कौलारू, दोन खोल्यांचे. आमच्याकडे तुळशीवृंदावन असते त्या जागी अंगणात चुन्याचा क्रूस होता आणि त्याला झेंडूची माळ घातली होती. माळेला गाठ मारायची तऱ्हा माझ्या आईची असते अगदी तशी.

बाईंची उमर सत्तरीच्या पुढे. लाल लुगडे, कानांत सोन्याची जड कर्णफुले, आणि आवाज असा खणखणीत की तलावावरचे बगळे उडावेत. त्याचे कारण लगेच कळले. सात वर्षांपूर्वी तापाने त्यांचे दोन्ही कान गेले होते. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले तर अर्धे पोचते, बाकीचे त्या ओठांवरून उचलतात. जगातले सगळ्यांत हळू बोलणारे वाद्य आणि त्याची बहिरी मालकीण, हे पाहून मला परतीची गाडी आठवू लागली.

पण पेटी उघडली आणि मी गाडी विसरलो. अडीच हात लांब, वीतभर उंच, धान्य मापायच्या लाकडी मापासारखी साधी. पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, बोटांनी झिजून मधोमध खळगे पडलेल्या. मात्र भाता नाही, वाऱ्याने बोलणाऱ्या पितळी जिभा नाहीत. आत पितळी तारा आडव्या ताणलेल्या आणि प्रत्येक पट्टीच्या मागल्या टोकाला नखाएवढी पितळी पात उभी; शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांना मिळून एक तार. पट्टी दाबली की पात वर उठते, तारेला टेकते, आणि बोट दाबलेले असेपर्यंत टेकूनच राहते. माझ्या पेटीत पट्टी दाबली की माझे काम संपले, पुढचे वारा बघतो. इथे बोट आणि तार यांच्यात फक्त एक लाकूड असते. बोट जरा हलवले की तार हलते, तार हलली की स्वर झुलतो. इतकी सोपी गोष्ट होती, आणि मी बारा वर्षे बुवांपुढे मान खाली घालून बसलो होतो.

त्यांच्या घरात या पेटीला मनिकोर्द म्हणतात. बाईंच्या पणजोबांचे वडील फिरंगी पादऱ्यांच्या हाताखाली चर्चमध्ये वाद्य वाजवीत. मोठे वाद्य चर्चमध्ये, आणि घरी बसून बोटे घोटायला ही. पुढे मराठ्यांनी ठाणे घेतले, पादरी घाईघाईने होडीत बसले आणि ही पेटी मागे राहिली.

"तुमच्या पुन्याच्या लोकांनी पादऱ्यांना पलवलं नसतं, त ही आमचे घरी कशी राहिली असती?" बाई हसून म्हणाल्या. मी पुण्याच्या वतीने आभार स्वीकारले.

मग त्यांनी मला पेटीच्या कडेशी गुडघ्यावर बसवले, माझे डोके धरून कान फळीला टेकवला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिल्यांदा मला माझाच श्वास ऐकू आला. मग तलावावर धुणे आपटत होते ते. मग त्या सगळ्याच्या खाली, फार खाली, कोणीतरी झोपेत गुणगुणावे तसे काही सुरू असल्याचे जाणवले. ते मोठे झाले नाही, मीच आत गेलो. एकेक स्वर यायचा, जरासा झुलायचा आणि बोट उचलताच मिटायचा. किती वेळ गेला ते मला सांगता यायचे नाही. डोके वर केले तेव्हा गालावर फळीचा वळ उठला होता आणि धुणी वाळत घालून झाली होती.

त्यांच्याकडे पंधरा वाजवण्या, म्हणजे आपल्या धुना, आहेत, त्या सगळ्या बोटांत; वही होती ती वाळवीने खाल्ली. काही देवाच्या, लॅटिन भाषेच्या. एक कुणा फिरंगी कप्तानाच्या नाचाची, तिच्यात दर चौथ्या मात्रेला टाच आपटल्याचा भास होतो. एक आजोबांनी मिठागरात मीठ ओढणाऱ्या माणसांच्या हातांवरून बांधलेली; ती ओढत ओढत पुढे येते आणि रिकामी मागे जाते. काही उपासाच्या दिवसांतल्या. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात चर्चमधली वाद्ये बंद असत, घंटासुद्धा वाजत नसे, पण ही पेटी घराघरात चाले. पादरीबाबा दारात उभे राहिले तरी त्यांना ती ऐकू येण्यासारखी नव्हती.

आणि पंधरावी नवरीची. घराण्यातली मुलगी लग्नाला निघते तेव्हा, चर्चकडे पाऊल टाकण्याआधी, घराच्या उंबऱ्याशी पेटी मांडतात. नवरी पदर पुढे ओढून पेटीवर गाल टेकते आणि ती वाजवणी तिच्यासाठी वाजते. मांडवात शंभर माणसे असोत, ऐकू येते तिला एकटीला. नवरीशिवाय कोणी ती गाल टेकून ऐकलेली नाही. मुलग्याने ती बापाकडून शिकायची; मुलीने मात्र आधी ऐकायची आणि लग्नानंतर, बोटांत गुण असेल तर, शिकायची, अशी रीत.

"पोरी उठताना माझा हात धरतात," बाई म्हणाल्या. "घट्ट धरतात. काय झालं म्हनून विचारलं त सांगत नाय. मना काय ठाव? मी नुसती शिकले. माझी ऐकायची राहिली."

बाईंचे लग्न ठरले होते. नवरा मुलगा जहाजावर गेला, तो आलाच नाही. वडिलांचे दुखणे वाढलेले, भाऊ होता पण त्याच्या बोटांत काही नव्हते, म्हणून वडिलांनी रीत मोडून ती वाजवणी मुलीला शिकवून ठेवली. हे त्यांनी कालवणात मीठ किती घातले ते सांगावे तशा आवाजात सांगितले.

येत्या रविवारी त्यांच्या भाच्याच्या, पास्कूच्या, मुलीचे लग्न होते. तिचे नाव मार्ता. तिने लहानपणापासून ठाण्यास येऊन चौदा वाजवण्या उचलल्या होत्या. लग्नानंतर ती ठाण्यातच राहणार आणि पंधरावी शिकणार. म्हणजे बाईंच्या मागे ही पेटी तिची. उंबऱ्याशी ती वाजवणी मार्ता जशी ऐकेल तशीच ती पुढे चालायची, कारण शिकवणारीला कान नाहीत.

माझा पराक्रम

इतके सगळे चांगले असताना मला एक गोष्ट टोचत होती. त्या पेटीचा पंचम उतरलेला होता. फार नाही, केसभर. पण तंबोऱ्याखाली वाढलेल्या माणसाला उतरलेला पंचम म्हणजे ताटातला खडा. एक पंचम तपासला, दुसरा तपासला, सगळेच उतरलेले. मी मनाशी ठरवले की दीडशे वर्षांत पाती वाकल्या असणार, आणि बाईंना ऐकू येत नसल्यामुळे त्यांना ते कळलेले नाही.

पहिल्यांदा मी एक खुंटी जरा फिरवून पाहिली. तार तट्कन तुटली. बाईंना ऐकू आले नाही, पण माझा चेहरा दिसला. त्या रागावल्या नाहीत. लग्नाला पाच दिवस आहेत आणि तार कल्याणास मिळेल, एवढेच म्हणाल्या. मी ओशाळून जाऊन कबूल केले की तार मी आणतो, पेटी झाडूनपुसून लख्ख करून देतो. त्यांनी मान डोलावली. झाडण्यापुसण्याची परवानगी त्यांनी दिली होती. पुढे मी जे केले त्याची दिली नव्हती.

खुंट्यांना पुन्हा हात लावायची छाती नव्हती, म्हणून मी बारीक चिमटा घेऊन पाती वाकवल्या. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. पट्टी एकेक दाबायची, तोंडाने षड्ज धरायचा, पात केसभर सरकवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुटलेली तार सोडून सगळे पंचम असे लागले की मला भरून आले. बुवांना इथे आणून बसवावे असे वाटले. चांगल्या कामाची वाच्यता करू नये म्हणून बाईंना काही बोललो नाही.

कल्याण

तार आणायला गाडीने कल्याणास गेलो. स्टेशनाबाहेर गाव कुठे आहे असे विचारावे लागते, इतके ते आपल्याच नादात खाडीकडे तोंड करून बसलेले आहे. तांबट आळीत दोन्ही बाजूंनी हंडे ठोकणे चालू होते. तिथे एका अंधाऱ्या पडवीत एक म्हातारे तांबट तार ओढत बसले होते. भोके पाडलेली लोखंडी पट्टी असते, मोठ्या भोकापासून लहानाकडे तार ओढत न्यायची. मी तुटलेला तुकडा दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, उजेडात धरला आणि विचारले की ही तार कुठल्या कामाची, कारण हिच्यावर एकाच जागी जवळ जवळ दोन बारीक खाचा पडल्या आहेत. मी म्हटले, वाद्याची आहे. "एकाच जागी फार वर्षं मार बसलाय हिला," ते म्हणाले आणि तार ओढायला लागले. मी ते ऐकले आणि विसरलो. आळीतल्या ठोकण्याने माझे कान बधिर झाले होते, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

खाडीतून

शुक्रवारी भरतीबरोबर पास्कूची होडी आम्हाला न्यायला आली. पास्कूची शेती आणि घर कोपर गावी, डोंबिवलीच्या अलीकडे खाडीच्या काठाला. पेटी गोधडीत गुंडाळून मधोमध ठेवली. तिच्यापाशी कातरीनबाय जपमाळ घेऊन बसल्या आणि मी टोकाला, पाणी लागू नये म्हणून पाय वर घेऊन.

त्या प्रवासासारखा प्रवास मी केलेला नाही. पाणी आमच्याबरोबरच वर चालले होते, त्यामुळे आपण हलतच नाही आणि काठ मागे जात आहेत असे वाटे. कळव्याची मिठागरे गेली. पांढरे ढीग उन्हात असे उभे होते की मिठाचे आहेत हे ठाऊक असूनही मला गारवा वाटला. मुंब्र्याचा डोंगर जवळ आला, बराच वेळ सोबत राहिला आणि झोप लागल्यासारखा मागे पडला. तिवरांच्या मुळांत बगळे उभे होते. कोणी बोलत नव्हते. मला वाटले, गोधडीतली पेटी वाजत असती तर इथे ऐकू आली असती. मधेच पास्कूने मला केळीच्या पानातले सांदण दिले, तांदूळ आणि नारळाचे, गोड, मऊ. मी ते खाल्ले. घरी अजून सांगितलेले नाही. हे वाचून कळेलच.

कोपर

मांडव घातला होता, उंबराची फांदी आणली होती आणि बायका ओव्या म्हणत होत्या. डोळे मिटले तर आमच्याकडचेच लग्न. मार्ता सतरा-अठरा वर्षांची, सावळी, कमी बोलणारी. आल्या आल्या तिने पेटीवरची गोधडी काढली आणि तिला नवऱ्याकडून आलेले लुगडे पाहायची घाई नव्हती इतकी ही उघडायची होती. पण लग्नाआधी दोन दिवस नवरीने पेटीला हात लावायचा नाही, अशी रीत. ती मागे जाऊन बसली.

शनिवारी सकाळी मी नवी तार चढवली, तिच्या दोन पातीही वाकवून जुळवल्या आणि बाई वाजवून पाहायला बसल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सागाची एक चपटी काडी काढली, तिचे एक टोक पेटीच्या फळीवर टेकवले आणि दुसरे दातांत धरले. ठाण्यास हे मी पाहिले नव्हते. कान गेल्यापासून त्या अशाच ऐकत होत्या. वाजवणी चालू करण्याआधी, कोणी बघत नसताना. काडीतून जे येते ते हाडाला लागते.

त्यांनी देवाची एक वाजवणी सुरू केली. चार स्वर गेले आणि हात थांबला. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबली. मग तीन पट्ट्या एकदम दाबून तशाच धरल्या. मी गंमत म्हणून कान टेकवला. ते तीन स्वर एकमेकांवर थरथरत होते, ओरबाडत होते.

बाईंनी काडी तोंडातून काढली. "आत कोन तरी भांडते," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळले मी काय केले ते. आमच्या गाण्यात एका वेळी एकच स्वर असतो. खाली षड्ज धरला आणि त्याच्याशी तो जुळला की झाले. मी दोन दिवस पट्टी एकेकच दाबली होती. दोन पट्ट्या एकदम दाबून पाहाव्या हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. त्यांच्या वाजवण्यांत दोन-तीन स्वर हात धरून चालतात. ज्या कारागिराने ही पेटी केली त्याने प्रत्येक पंचम जाणूनबुजून केसभर उतरवला होता, गंधार सगळ्यांशी गोडीने राहावा म्हणून. ती चूक नव्हती. एका घरात सगळ्यांनी राहायचे म्हणून प्रत्येकाने थोडे आवरून घेतले होते, आणि मी जाऊन एकेकाला ताठ उभे केले.

बाईंच्या कानाशी तोंड नेऊन मी कबूल केले. ओरडून कबूल करावे लागले, त्यामुळे ते सगळ्या मांडवाने ऐकले. ओव्या थांबल्या. पास्कू दारात येऊन उभा राहिला. मागच्या खोलीतून मार्ता आली आणि पेटीकडे बघत राहिली. मला वाटले होते, कोणी शिव्या देईल. ती फक्त म्हणाली, "मंग मी उद्या काय ऐकू?"

त्या प्रश्नाने मला जे झाले ते अजून होते. बाई पातींवरून बोट फिरवत बसल्या. कुठली किती वाकली होती हे मलाच आठवत नव्हते, तर त्यांना कसे सांगणार? आणि मग मला कल्याणचे तांबट आठवले.

मी पेटी उचलून मांडवाबाहेर उन्हात नेली आणि तारांच्या पातळीला डोळा लावला. प्रत्येक तारेवर, जिथे पात पिढ्यान्‌पिढ्या टेकत आली होती तिथे, सुईच्या टोकाएवढी खाच होती. त्या तुटलेल्या तारेची सोडून खुंट्या मी फिरवल्या नव्हत्या, तारा जागच्या हलल्या नव्हत्या. पात त्या खाचेत परत नेऊन बसवली की झाले. मी चिमटा काढला. पास्कूने पेटीवर छत्री धरली, मग उजेड कमी पडतो म्हणून मिटली, मग आरसा आणून खालून ऊन टाकले. लग्नाचे घर, माणसाला श्वास घ्यायला सवड नाही, आणि नवरीचा बाप चार तास आरसा धरून बसला होता. दुपार कलली तेव्हा सगळ्या पाती घरी आल्या होत्या, दोन सोडून. त्या दोन नव्या तारेवरच्या. ती तार कोरी होती, आणि जुनीचा खाचांचा तुकडा तर मी कल्याणासच टाकून आलो होतो.

बाईंनी न सांगता काडी दातांत धरली. शेजारच्या पट्ट्या दाबल्या आणि मला खूण केली. मी पात केसभर सरकवली. त्यांनी मान हलवली, नाही. आणखी सरकवली. नाही. मागे घेतली. असे किती वेळा झाले ते मोजले नाही. मांडवातल्या बायका उठून भोवती येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि कोणी खोकतसुद्धा नव्हते, जणू त्यांना ऐकू येणार होते. शेवटी बाईंच्या चेहऱ्यावरची आठी हळूच मोडली.

"बस," त्या म्हणाल्या. "निजले सगले."

त्या संध्याकाळी शेतात पास्कूने वालाच्या शेंगांची पोपटी लावली. मडके पालापाचोळ्यात भाजून निघाले आणि शेंगा पहिल्यांदा मला दिल्या. आमच्याकडे एवढे नुकसान करणाऱ्याला पानाला बोलावले नसते.

उंबऱ्याशी

रविवारी ओहोटी लागली की होड्या निघणार होत्या. लग्न ठाण्याच्या चर्चमध्ये होते. सकाळी उंबऱ्याशी पाट मांडून त्यावर पेटी ठेवली. मी पुरुषांत, मांडवाच्या टोकाला. मार्ता लाल लुगड्यात आली, सकाळपासून रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिने पदर पुढे ओढला, बसली आणि गाल पेटीवर टेकला.

बाईंची बोटे हलताना दिसत होती. मला एक स्वर ऐकू आला नाही. खाडीकडून वारा येत होता, कोंबडी फिरत होती, माझ्या शेजारचा म्हातारा दाढी खाजवत होता. मी पदराच्या घडीकडे डोळे लावले होते. आधी हुंदक्याने ती हलत होती. मग कमी हलली. मग नुसती श्वासाबरोबर. बोटे थांबली तरी मार्ता उठली नाही. उठली तेव्हा तिने बाईंचा हात धरला, दोन्ही हातांनी, बोटे पांढरी पडेपर्यंत. माझ्याकडे तिने एकदाच पाहिले आणि होकाराची मान डोलावली. 

होड्या गेल्या. ओव्या पाण्यावरून बराच वेळ येत राहिल्या. बाईंचे पाय सुजलेले, त्यांना चिखलातून होडीत चढवणे कठीण, म्हणून त्या आणि पेटी पुढच्या भरतीपर्यंत मागे राहणार होत्या, आणि सोबतीला मी. उन्हातल्या रिकाम्या मांडवात आम्ही दोघे बसलो. झेंडूची फुले इकडेतिकडे पडली होती.

मग त्यांनी माझी बोटे धरली आणि पट्ट्यांवर ठेवली. वर स्वतःची बोटे ठेवली आणि दाबली. एक पट्टी, मग दोन, मग एकीवर बोट झुलवायचे. मला आधी समजले नाही. समजले तेव्हा मी हात काढून घेतला. ही नवरीची वाजवणी होती.

"तू ऐकायची नाय," त्या म्हणाल्या. "तू वाजवायची."

वाजवणी लहान आहे. पाच-सहा वेळा बोटांवर बोटे ठेवून त्यांनी ती माझ्या हातात बसवली. बारा वर्षे पेटी बडवली ती बहुधा एवढ्याचसाठी. ती कशी आहे हे मी इथे लिहिणार नाही. मग बाईंनी काडी दातांत धरली, डोक्यावरून पदर पुढे ओढला, पार कपाळापर्यंत, आणि गाल पेटीवर टेकला. सत्तरी ओलांडलेल्या बाईची पाठ मला एकदम लहान दिसली. मी वाजवले. हात कापत होता, पण तिथे कापलेले चालते, स्वर झुलतो.

संपल्यावर त्या बराच वेळ उठल्या नाहीत. पदराखालून त्यांचा हात चाचपडत आला आणि त्यांनी माझा हात धरला. घट्ट, अगदी घट्ट. काय झाले म्हणून मी विचारले. त्यांना ऐकू आले नाही, आणि मी पुन्हा विचारले नाही. तिवरांत पाणी परत चढू लागले तोपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

बुवांना मी हे सगळे सांगितले आहे. स्वर झुलणारी पेटी असू शकते यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही. नीट वाजवून दाखव, म्हणतात. ठाण्यास कानाने उचललेल्या चौदाच वाजवण्या मी माझ्या पेटीवर जमतील तशा दाखवल्या.